जुन्या खिशातल्या संगणकाचा स्क्रीन मंद पडतोय? आधी टॉर्च घ्या, मग स्क्रूड्रायव्हर

सायॉन सिरीज 5, एचपी 200एलएक्स, पाम व्ही, ॲपलचा न्यूटन, जोर्नाडा 720. ही यंत्रं अजून जपून वापरणारे लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याकडून एक प्रश्न सारखा येतो: स्क्रीन अगदी मंद झालाय, बॅकलाइट कुठे मिळेल? बॅकलाइट शोधायला लागण्याआधी पाच मिनिटं द्या, कारण पुष्कळ वेळा दोष बॅकलाइटमध्ये नसतोच. 200एलएक्समध्ये तर बॅकलाइट मुळातच नाही, तरी तोही मंद पडतो.

'मंद' म्हणून आपण ज्याची तक्रार करतो ते दोन निरनिराळे आजार आहेत. एकात अक्षरंच फिकी होतात, पांढऱ्यावर राखाडी. दुसऱ्यात अक्षरं व्यवस्थित काळी असतात, पण त्यांच्यामागे उजेड नसतो. पहिल्याचं मूळ व्होल्टेज, तापमान किंवा पोलरायझरमध्ये (काचेवर चिकटवलेली, प्रकाश गाळणारी फिल्म) असतं. दुसऱ्याचं दिव्यात किंवा दिवा चालवणाऱ्या सर्किटमध्ये. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग स्क्रीन परत तसाच होतो. दुरुस्त करूनही तक्रार उलटून येते ती बहुधा यामुळेच.

काही उघडण्याआधी डेटा काढून घ्या

या यंत्रांतली बहुतेक माहिती रॅममध्ये असते आणि रॅम सेलवर जगते. सिरीज 5 मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि 200एलएक्समध्ये पीसीएमसीआयए कार्ड चालतं, त्यावर सगळं उतरवा. मुख्य सेल आणि आतला छोटा सीआर2032 सेल दोन्ही एकदम कधीही काढू नका. पाम III मध्ये तर सेल बदलायला जेमतेम एक मिनिट मिळतं. स्क्रीन नवा आणता येईल, 1998 सालच्या नोंदी परत आणता येणार नाहीत.

टॉर्चची परीक्षा

खोलीत अंधार करा. यंत्र चालू करा, बॅकलाइट बंद ठेवा, आणि मोबाइलच्या टॉर्चचा झोत स्क्रीनवर तिरका पाडा. समोरून मारला तर काचेवरची चमकच डोळ्यांत जाते आणि काही कळत नाही. बाजूने, साधारण 45 अंशांतून मारा.

अक्षरं ठसठशीत दिसली तर एलसीडी, त्याचं व्होल्टेज आणि पोलरायझर ठीक आहेत. उजेड देणारा भाग थकलाय. सरळ खाली ईएल (उजळणारं पातळ पान) आणि सीसीएफएल (बारीक नळीचा दिवा) यांच्या भागाकडे जा.

टॉर्चखालीही अक्षरं फिकी असतील तर दिव्याला हातच लावू नका. आता यंत्र हळूहळू तिरपं करत जा, वरून बघा, खालून बघा. एखाद्या तिरप्या कोनातून अक्षरं एकदम गडद होत असतील तर एलसीडीला व्होल्टेज कमी पडतंय. या जुन्या एसटीएन पडद्यांमध्ये (एलसीडीचाच एक जुना प्रकार) व्होल्टेज बदललं की बघण्याचा चांगला कोन सरकतो, म्हणून ही खूण भरवशाची आहे. कुठल्याच कोनातून सुधारत नसेल, किंवा डाग-डाग दिसत असतील, तर पोलरायझरवर संशय घ्या.

जोडीला पोलराइज्ड गॉगल मिळाला तर फार उपयोगी. त्याची काच स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा. समोरचा पोलरायझर शाबूत असेल तर एका कोनात अख्खा स्क्रीन सारखा काळा होतो. ज्या ठिकाणी काळा होत नाही, तिथला पोलरायझर मेलेला आहे.

मंद केव्हा होतो, हेही बघा

सकाळी थंडीत फिका आणि दुपारी ठीक असेल, तर तो बिघाड नाही. एसटीएन एलसीडीला थंडीत जास्त व्होल्टेज लागतं आणि उकाड्यात कमी. नाशिकच्या जानेवारीत बसवलेला कॉन्ट्रास्ट मे महिन्यात सगळा स्क्रीन काळवंडून टाकतो. तसंच उलटंही. कॉन्ट्रास्ट बदला, झालं. 200एलएक्सवर ऑन कळ दाबून धरून अधिक किंवा उणे दाबायचं. पाम III च्या कडेला चाक आहे. पाम व्हीवर वरच्या कडेला वेगळं बटण आहे. ते दाबल्यावर पट्टी येते आणि स्क्रीन इतका फिका असेल की पट्टीच दिसत नाही, तर खालच्या वर-खाली बटणांनीही ती सरकते. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं माझं मत आहे, विशेषतः यंत्र बरीच वर्षं कपाटात पडून नुकतंच बाहेर आलं असेल तर.

चालू केल्यावर बरा आणि काही मिनिटांनी, किंवा बॅकलाइट लावताच, ढेपाळत असेल तर सेल आणि त्यांचे स्प्रिंग बघा. कधीकाळी सेल लीक झाला असेल तर स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर असतो. मल्टीमीटरने आधी थेट सेलच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, मग बोर्डावर जिथे स्प्रिंग जोडलंय तिथे, दोन्ही वेळा बॅकलाइट चालू ठेवून. दोन आकड्यांत 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तेवढं व्होल्टेज गंजात चाललंय. अल्कलाइन सेलमधून सुटलेलं द्रव अल्कधर्मी असतं, म्हणून आधी कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण सुकल्याशिवाय सेल घालायचे नाहीत. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते 1.2 व्होल्टचे असतात, साधे 1.5 चे. दोन सेलच्या यंत्रात सुरुवातीलाच अर्ध्या व्होल्टहून जास्त तूट पडते. परीक्षा करताना तरी नवे अल्कलाइनच घाला.

झाकण हलवलं की स्क्रीन बदलतो? मग बिजागरीतून जाणारी रिबन केबल तुटत आलीय. सायॉन सिरीज 5 चं हे जुनं दुखणं आहे. सुरुवातीला नुसत्या रेघा येतात, मग झाकणाच्या ठरावीक कोनातच चित्र दिसतं. केबल बदलण्याला पर्याय नाही. टेप लावून, घडी सरळ करून ती थोडे दिवस चालते आणि परत जाते.

आणि वर्षानुवर्षं अगदी हळूहळू मंद होत आला असेल, तर ते दिव्याचं म्हातारपण किंवा पोलरायझर. या दोघांबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

एक सोपी गोष्ट मात्र आधी करा. स्क्रीनवर कधीतरी चिकटवलेला संरक्षक कागद असेल तर तो काढा. वीस-पंचवीस वर्षांत तो पिवळा पडतो आणि मालकाला त्याची इतकी सवय झालेली असते की तो आहे हेच विसरायला होतं.

अक्षरं फिकी: व्होल्टेज

दोन सेल मिळून 3 व्होल्ट देतात. एवढ्या मोठ्या एसटीएन पडद्याला मात्र साधारण 15 ते 25 व्होल्ट लागतात. हे वाढीव व्होल्टेज बोर्डावरचं एक छोटं सर्किट तयार करतं: एक कॉइल, एक डायोड, एक आयसी आणि कपॅसिटर. यातला कपॅसिटर आधी म्हातारा होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतो किंवा त्यातलं द्रव बोर्डावर झिरपतं. मग व्होल्टेज पुरेसं चढत नाही, चढलं तरी थरथरतं. कॉन्ट्रास्ट शेवटच्या टोकाला नेऊनही अक्षरं फिकीच राहतात ती यामुळे. टीआरएस-80 मॉडेल 100 या 1983 सालच्या मांडीवरच्या संगणकात हा रोग इतका सार्वत्रिक आहे की ते यंत्र हाती आलं की कपॅसिटर बदलूनच पुढे जायची रीत पडलीय. खिशातली यंत्रं नंतरची असली तरी रोग तोच.

भिंग घेऊन कॉइलच्या आसपास बघा. कपॅसिटरच्या पायाशी तपकिरी डाग, निस्तेज झालेलं सोल्डर, बोर्ड तापवल्यावर माशासारखा वास, या खुणा. कॉन्ट्रास्ट वर-खाली करताना बायसचं, म्हणजे एलसीडीला जाणारं वाढीव, व्होल्टेज मोजा. ते कॉन्ट्रास्टबरोबर सुरळीत बदलायला हवं. एका जागी अडकत असेल तर तिथले सगळे इलेक्ट्रोलिटिक एकदम बदला, एकटादुकटा नको. एक गेला की बाकीचे त्याच वयाचे असतात. बदलताना व्होल्टेज रेटिंग मूळच्याइतकं किंवा जास्त घ्या, दिशा नीट बघा, आणि झिरपलेलं द्रव धुतल्याशिवाय नवा लावू नका, नाहीतर तांब्याच्या रेघा पुढेही खात राहतील. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्ही ठिकाणी हे सुटे भाग सहज मिळतात.

पोलरायझर: आपल्या हवेचा खरा शत्रू

परदेशातल्या लोकांनी लिहिलेल्या दुरुस्तीच्या सूचना वाचताना मला नेहमी वाटतं की त्यांत पोलरायझरला फार थोडी जागा मिळते. आपल्याकडे तो पहिल्या रांगेतला संशयित आहे. एलसीडीच्या काचेवर पुढून आणि मागून चिकटवलेली ही पातळ फिल्म सेल्युलोज ट्रायॲसिटेटच्या थरांमध्ये बसवलेली असते. उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की हे ट्रायॲसिटेट विघटित होतं आणि ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच ॲसिड, बाहेर पडतं. ते ॲसिड पुढचं विघटन आणखी वाढवतं. जुन्या सिनेमाच्या रिळांना हाच रोग लागतो. कोकणातले चार महिने कपाटात बंद पडलेल्या यंत्राला यापेक्षा वाईट जागा नाही.

ओळखायचं नाकाने. यंत्राचं झाकण उघडून स्क्रीनजवळ नाक न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर निदान पक्कं. दिसायला कडांपासून आत सरकणारे तपकिरी किंवा ढगाळ डाग, बुडबुडे, कधी फिल्मवर बारीक सुरकुत्या. आतली काच आणि द्रवस्फटिक बहुधा ठणठणीत असतात, म्हणून अशा यंत्राला भंगारात काढलेलं बघवत नाही.

फिल्म बदलता येते. स्क्रीन सुटा करून मऊ कापडावर ठेवा. टचस्क्रीन असेल तर तो वरचा थर आधी वेगळा करावा लागतो आणि त्याची स्वतःची बारीक केबल असते, ओढू नका. पोलरायझरचा एक कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या पातीने उचला. धातूचं ब्लेड काचेच्या कडेकडे नेऊ नका. तिथेच कनेक्टर चिकटवलेले असतात आणि एक ओरखडा म्हणजे एक कायमची मेलेली ओळ. कोपरा सुटला की फिल्म काचेला जवळजवळ समांतर ठेवून, काटकोनात वर न उचलता, अगदी सावकाश मागे ओढत न्या. चांगल्या अवस्थेतली फिल्म एका तुकड्यात निघते. सडलेली मात्र काचेवर चुरा होऊन राहते आणि खाली पिवळट, चिकट गोंदाचा थर उरतो. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा, गोंद फुगतो, मग प्लास्टिकच्या पातीने कडेपासून मध्याकडे लोटा. ॲसिटोन अजिबात नको. कडेचं सील आणि आजूबाजूचं प्लास्टिक दोन्ही खातं.

आता महत्त्वाचं: नवी फिल्म कुठल्या कोनात लावायची. चौकोनात कापून सरळ चिकटवली असं चालत नाही. जुना पोलरायझर निघाल्यावर मशीन तात्पुरतं जोडून चालू करा. स्क्रीन कोरा दिसेल. नवी फिल्म त्याच्यावर नुसती धरा, अक्षरं उमटतील. फिरवत राहा. एका कोनात अक्षरं सर्वांत काळी आणि पार्श्वभूमी सर्वांत स्वच्छ दिसेल, तो कोन फिल्मवर मार्करने आखा आणि त्याच रेषेला धरून कापा. काटकोनात पुढे फिरवलं तर चित्र उलटं, म्हणजे काळ्यावर पांढरं, होईल. फिल्मची बाजूही उलटून बघा, फरक पडू शकतो.

काळ्या-पांढऱ्या एफएसटीएन पडद्यांमध्ये रंग सुधारणारी आणखी एक फिल्म असते आणि ती बऱ्याचदा पोलरायझरलाच चिकटलेली असते. ती सोबत निघाली की स्क्रीन निळसर किंवा पिवळट-हिरवा दिसायला लागतो. वाचता उत्तम येतं, रंग मूळचा राहत नाही. मला स्वतःला हा सौदा मान्य आहे. मागची फिल्म बदलायची असेल तर ती नुसती पोलरायझर नसते, तिला चंदेरी परावर्तक थर असतो. साधी पारदर्शक फिल्म लावली तर उजेड परतच येणार नाही. त्यामुळे आधी फक्त पुढची बदलून बघा. मोबाइलचे डिस्प्ले दुरुस्त करणाऱ्यांकडे अशा फिल्म असतात. जाडी मूळच्याइतकी घ्या, नाहीतर वरचं आवरण बसत नाही.

अक्षरं काळी, उजेड नाही: ईएल

सिरीज 5, न्यूटन मेसेजपॅड 2000, पाम III, पाम व्ही यांच्या बॅकलाइटमध्ये बल्ब नसतो. एक पातळ, कागदासारखं पान असतं, इलेक्ट्रोल्युमिनेसंट, थोडक्यात ईएल. झिंक सल्फाइडच्या पुडीला एसी व्होल्टेज दिलं की ती हिरवट-निळसर उजळते. चालवायला साधारण 60 ते 100 किंवा अधिक व्होल्ट एसी आणि काही शे हर्ट्झ लागतात, म्हणून लावल्यावर बारीक 'ईंऽऽ' असा आवाज येतो. हा आवाज उपयोगी आहे. कान लावा. आवाज येतोय पण उजेड नाही, तर सर्किट बहुधा चालू आहे आणि पान मेलंय. आवाजही नाही, तर आधी सर्किट आणि पानाच्या दोन जोडण्या तपासा.

ही पुडी वापराने झिजते. काही हजार तासांत उजेड निम्म्यावर येतो आणि एकदा गेलेला परत येत नाही. ओलावा शिरला की त्याहून लवकर, आणि मग कडांनी काळे ठिपके दिसतात. फ्रीक्वेन्सी वाढवून उजेड वाढवायची युक्ती काही जण सुचवतात. उजेड वाढतो खरा, पण पान तितक्याच वेगाने संपतं. मी ती करत नाही. नवं ईएल पान कात्रीने मापात कापता येतं. कापलेल्या कडेवर पारदर्शक टेप किंवा वार्निश लावून ओलावा बंद करा आणि जोडणीच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकत नाहीत ना हे बघा. व्होल्टेज अंगावर आलं तर सणसणीत झटका बसतो, म्हणून हात लावताना सेल बाहेर. पान सुटं करून सर्किट रिकामं चालवत ठेवू नका.

पाम व्ही आणि IIIx च्या मालकांसाठी: बॅकलाइट लावला की अक्षरं उजळतात आणि पार्श्वभूमी काळी राहते, ही रचनाच तशी आहे. भर दिवसा बॅकलाइट लावला तर स्क्रीन आणखी वाईट दिसणार. तो अंधारासाठीच आहे. पॉवरचं बटण दोनेक सेकंद दाबून धरून बंद करा.

सीसीएफएल

जोर्नाडा 720 सारख्या रंगीत यंत्रांत कडेला पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक नळी असते. चालू करताना गुलाबी किंवा तांबूस उजेड आणि मग हळूहळू पांढरा, म्हणजे नळी संपत आली. लगेच लागून लगेच विझत असेल तर नळी किंवा इन्व्हर्टर, म्हणजे नळी चालवणारं सर्किट. इथे सुरुवातीला शेकड्यांनी व्होल्ट असतात, ईएलपेक्षाही जपून. नळीत पारा असतो, फुटली तर खिडक्या उघडा आणि तुकडे झाडूने नाही, टेपने उचला.

आज नळीऐवजी त्याच जाडीची एलईडी पट्टी घालणं शहाणपणाचं. कडेची नळी असेल तर प्रकाश पसरवणारी प्लेट आधीच असते, पट्टी फक्त तिच्या कडेला नीट टेकली पाहिजे. करंट मर्यादित करणारं छोटं ड्रायव्हर सर्किट लागतं आणि जुन्या इन्व्हर्टरची जोडणी तोडावी लागते. पट्टी पूर्ण ताकदीने चालवू नका. जुन्या पडद्याला तेवढ्या उजेडाची गरज नसते आणि बॅटरी वाचते.

जे मुळातच मंद आहेत

काही यंत्रांच्या बाबतीत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पहिली सिरीज 5 टचस्क्रीनच्या थरामुळे नवी असतानाही फिकीच होती, 1999 ची 5एमएक्स बरीच सुधारली. पाम एम505 चा रंगीत स्क्रीन 2001 साली बाजारात आला तेव्हाच घरातल्या उजेडात अंधारा वाटतो अशी टीका झाली. पुढच्या वर्षीचा एम515 घ्या, ते खरं उत्तर.

200एलएक्समध्ये बॅकलाइट बसवायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. मी सुचवत नाही. त्यासाठी मागचा परावर्तक थर सोलावा लागतो, म्हणजे दिवसाच्या उजेडात आज जे स्वच्छ दिसतंय ते कायमचं जातं. शिवाय दोन साध्या सेलवर आठवडे चालणारं यंत्र दिव्यावर तासांत रिकामं होतं. टेबलावर वाकवता येणारा दिवा ठेवा, डोक्यामागून नको, डावीकडून तिरका, टॉर्चच्या परीक्षेत धरला होता तेवढ्याच कोनात. अक्षरांची सावली मागच्या थरावर पडून दुहेरी दिसत असेल तर दिवा थोडा वर घ्या.